नारायण पेठेतली चार घरं आणि समोरची गॅलरी

आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज ठेवायला कपाट असतं, किस्से ठेवायला काहीच सोय नसते. ते टेबलाखाली, चहाच्या कपांत, साइटवरच्या बुटांत कुठेही पडलेले असतात. कुणी नवीन माणूस कामाला लागला, की दुपारी डबा खाताना कुणीतरी म्हणतंच, "प्रज्ञा, याला नारायण पेठ सांगितलीस का?" मग मी सांगते. इतक्यांदा सांगून झालंय की परवा मी सुट्टीवर असताना दुसऱ्याच कुणीतरी माझे किस्से माझ्यापेक्षा चांगले सांगितले म्हणे. म्हटलं, आता लिहूनच काढलेलं बरं.

*

आमचं ऑफिस लहान आहे. दिघे मॅडम, मी आणि आणखी दोघं-तिघं. मॅडम साठीच्या. सुती साडीवर स्पोर्ट्स शूज घालतात आणि कमी बोलतात. जे बोलतात ते दोन दिवस लक्षात राहतं, म्हणून कमी बोलतात ते बरंच आहे.

एके दिवशी मांजरीहून आबा म्हस्के आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी. मांजरीत त्यांचा ऊस होता, मग उसाच्या जागी बिल्डिंगा आल्या, मग आबांचा मोठा बंगला झाला.

"मॅडम, नारायण पेठेत जागा घेतलीय," आबा म्हणाले. "कागदाचं गोडाऊन व्हतं, ते गेलं. तिथं चार घरं बांधायची. एक आमाला, दोन पोरांस्नी, एक भनीला. फ्लॅट न्हाय. घरं. परत्येकाचं दार रस्त्यावर."

मॅडम म्हणाल्या, "पेठेतली माणसं मांजरीला चाललीत. तुम्ही उलटे का?"

"बंगल्यात आमी दोघंच आसतो. चालत गेटपर्यंत जाऊन कुणाशी बोलावं म्हटलं, तर वॉचमन. त्यो बी हिंदीत. पोराचा वाघोलीला फ्लॅट हाय, चौदाव्या मजल्यावर. तिथं खिडकी उघडली तर ढगच इचारतंय, काय पाव्हणं, कवा आला."

मी हसले. आबा हसले नाहीत.

"आमची मंडळी बोलायची थांबलीय, मॅडम. आदी वाटलं, चिडलीय. मग ध्यानात आलं, बोलायला कुनी न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पेठेत बोलायला माणसं मिळतील. पण चांगलंच बोलतील अशी गॅरंटी मी देत नाही."

"चालंल की," आबा म्हणाले. "वाईट बोलायला बी मानूसच लागतं."

काम आम्ही घेतलं.

*

पहिलं डिझाइन मी केलं. अडीचशे वर्षांची पेठ, तिचा मान राखायचा, म्हणून मी जे काही मान राखण्यासारखं होतं ते सगळं घातलं. महिरपी घातल्या, लाकडी खांब घातले, खांबांना केळफुलं काढली, दारावर गणेशपट्टी, गच्चीला बुरूज. कॉम्प्युटरवर संध्याकाळचा पिवळा उजेडही टाकला.

मॅडमनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुतारीवाला कायमचा ठेवणार, की फक्त मुहूर्ताला बोलवायचा?"

मी सगळं पुसलं आणि दुसरं डिझाइन केलं. आता एकही कमान नाही. खालपासून वरपर्यंत काच, पांढऱ्या भिंती, बारीक स्टीलचे कठडे. एकदम आजचं.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "साड्या कधी येणार?"

"कुठल्या साड्या?"

"शोरूम आहे ना हे?"

त्या दिवशी मला खरोखर रडू आलं. मॅडमनी चहा मागवला आणि त्यांच्या मानाने मोठं भाषण केलं. म्हणाल्या, "हे बघ. दुसऱ्याच्या लग्नाला जाताना आपण नवरदेवाचे कपडे घालून जात नाही. आणि बर्म्युडा घालूनही जात नाही. आपले कपडे घालतो, पण धुतलेले, इस्त्री केलेले. पेठेत घर बांधायचं म्हणजे एवढंच. उद्यापासून आठवडाभर ऑफिसला येऊ नकोस. टेप घे आणि ती गल्ली मोज."

*

गल्ली मोजायची म्हणजे काय, तर जोतं रस्त्यापासून किती उंच, खिडकीची पट्टी कुठे येते, दारं किती रुंद, छज्जा किती बाहेर. मी टेप आणि वही घेऊन दारोदार फिरत होते. पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी मला बँकेकडून जप्तीला आलेली समजून दार लावून घेतलं.

एका जुन्या खिडकीची पट्टी मी मोजत होते. आतून एक बाई माझ्याकडे शांतपणे पाहत होत्या. मी म्हटलं, "काकू, दोन मिनिटं. मोजून झालं की जाते."

"सावकाश मोजा," त्या म्हणाल्या. "फक्त झालं की पुसूनही जा. धूळ आहे तिथे."

मी ओढणीने पट्टी पुसली. तेवढ्यावर त्या जरा विरघळल्या. घरात बोलावलं, पाणी दिलं आणि मग तो प्रश्न आला, जो येणार असं मला वाटतच होतं. "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

मी विश्रांतवाडीत वाढले. वडील पोस्टात होते. घरात बुद्धवंदना होते. हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतेय आणि त्याच्या मागे उभा असलेला दुसरा प्रश्नही मला दुरून दिसतो.

"म्हणालेच नाही," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हसल्या. "मुरलात तुम्ही पेठेत," म्हणाल्या, आणि मागच्या बाजूची खिडकीही मोजू दिली.

*

आबा आमच्याबरोबर जागा बघायला पहिल्यांदा आले तेव्हा आपली मोठी पांढरी गाडी घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशीच उतरून चालत यायला हवं होतं, पण आबांना वाटलं, गाडीला रस्ता असतो. मधोमध येऊन गाडी अडकली. डावीकडे स्कूटर, उजवीकडे सायकली, पुढे दुधाचा टेम्पो. मी आणि मॅडम नुसत्या बघत होतो.

आमच्या जागेच्या बरोबर समोर एक तीन मजली बिल्डिंग आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. ते आपटे काका. हे त्यांचं आम्हाला झालेलं पहिलं दर्शन. त्यांनी पेपरची घडी केली, उभे राहिले आणि आबांना सूचना द्यायला लागले.

"डावीकडे घ्या. आणखी. बास. आता उजवीकडे. आरसा मिटा. आता मागे घ्या."

आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कुठवर घिऊ?"

"आपण कुठून आलात?"

"मांजरीवरनं."

"मग मांजरीपर्यंत घ्या," काका म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

आबा गाडी मागे घेऊन, दूर कुठेतरी लावून, घाम पुसत चालत परत आले. मला वाटलं, आता हे जागा विकून टाकणार. ते मॅडमजवळ आले आणि समाधानाने म्हणाले, "बोलतंय की मानूस."

त्याच भेटीत आबांनी दाराशी दोन दगडी हत्ती हवेत म्हणून सांगितलं. मांजरीच्या बंगल्याला आहेत, तसे. मॅडम म्हणाल्या, "आणायचे कसे? वळणार नाहीत." हत्तींचा विषय तिथेच संपला.

*

आबांचा धाकटा मुलगा रोहित, म्हणजे वाघोलीच्या चौदाव्या मजल्यावरचा. आयटीत आहे. पेठेत यायला तो अजिबात तयार नव्हता. वडिलांचं मन मोडायचं नाही म्हणून ऑफिसात आला आणि लॅपटॉप उघडून बसला.

"मॅम, अॅमिनिटीज काय काय आहेत?"

"कोपऱ्यावर वाणी आहे," मॅडम म्हणाल्या. "पलीकडे पिठाची गिरणी. वरच्या अंगाला डॉक्टर. लायब्ररी चालत पाच मिनिटं."

"नाही, तसं नाही. म्हणजे प्रोजेक्टच्या आत. क्लब हाउस, स्विमिंग पूल वगैरे."

"आता आहे तिथे पूल आहे?"

"आहे ना. इन्फिनिटी पूल."

"पोहता येतं?"

रोहितने लॅपटॉप अर्धा मिटला. "नाही," तो म्हणाला.

"मग इथे काहीच फरक पडणार नाही," असं म्हणून मॅडमनी पुढचं ड्रॉइंग उलगडलं.

*

मॅडमची एक सवय आहे. प्लॅन पक्का करण्याआधी तो खऱ्या मापात जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखायचा आणि घरच्या माणसांना त्यात फिरवायचं. मोकळ्या जमिनीवर आखलेली खोली नेहमी लहान वाटते. त्यामुळे त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाईक घाबरतं आणि मला ते बघायला आवडतं, हे मी इथे कबूल करून टाकते.

आबा फक्कीच्या रेषांमधून फिरत म्हणाले, "ही निजायची खोली? आमची म्हस जरा मोकळी निजायची ओ."

शालनकाकी, म्हणजे आबांची 'मंडळी', त्या दिवशी पहिल्यांदा जागेवर आल्या होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आणि आल्यापासून एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, "काकी, इथे पलंग मावतो. मी मोजलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि त्या आखलेल्या खोलीत, भर दुपारी, मातीवर सरळ आडव्या झाल्या. हात पसरून बघितले, पाय ताणून बघितले, एका कुशीवर वळून बघितलं.

वरून आपटे काकांचा आवाज आला. "पंखा लावू का?"

काकींनी पडल्या पडल्या डोळे उघडले. "लावा की," त्या म्हणाल्या. "वायर पोचंत आसली तर."

काका पहिल्यांदा गडबडले. "वायर... नाही, वायर पोचणार नाही."

"मग इचारलं कशापायी?"

काका आत निघून गेले. काकी उठल्या, पाठ झटकली आणि एकदम बोलायलाच लागल्या. म्हणाल्या, पलंग मावतोय, खोलीची काळजी नाही, पण म्होरं हे काय काढलंय?

"तो दिवाणखाना," मी म्हटलं.

"आन् सैपाकघर?"

"मागे."

"दिवाणखान्यात बसतं कोन? पाव्हणं. पाव्हणं येत्यात कवा? दिवाळीला. मग वर्सभर रस्ता कोन बघनार, सोफा?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या हसू दाबत होत्या. ऑफिसात परत आल्यावर आम्ही चारही घरांचे प्लॅन उलटे केले. स्वयंपाकघर पुढे, रस्त्यावर उघडणारी रुंद खिडकी, ओट्याशी उभं राहिलं की गल्ली दिसेल अशी. दिवाणखाना मागच्या अंगणाकडे. चारही घरांना मिळून ते एकच अंगण. त्या दिवशी परत येतानाच आबा गाडीत मला हळूच म्हणाले होते, "एवढं ती आख्ख्या वर्सात बोलली न्हवती." त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

*

आणि मग आपटे काकांनी हरकत घेतली. रीतसर, महापालिकेत. 'सदर बांधकामामुळे पेठेचा चेहरा बिघडत आहे.' सुनावणी लागली. हरकत मान्य झाली असती तर सगळं पहिल्यापासून. आबांनी मांजरीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं, काकींनी तर पेठेत नेण्यासाठी पाटा-वरवंटा बाजूला काढला होता.

सुनावणीला काका इस्त्रीचा बुशशर्ट घालून, छत्री घेऊन आले. पाऊस नव्हता. तिथल्या साहेबांनी आमची ड्रॉइंग्ज पाहिली, मग गल्लीचे फोटो पाहिले. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. गुलाबी डिस्टेंपर, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, गॅलरीला पिंजऱ्यासारखी जाळी.

"हे काय आहे?" साहेबांनी मॅडमना विचारलं. "हे पाडून तुम्ही नवीन बांधणार ना? मग चेहरा सुधारतोच आहे की."

"ते पाडायचं नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"मग कुणाचं आहे?"

"माझं," आपटे काका म्हणाले.

आबा टोपी काढून तिच्या आत बघत बसले. मला वाटलं, संपलं, काका आता उठून जाणार.

काका उठले नाहीत. चष्मा पुसून ते म्हणाले, "साहेब, त्या जागी आमचं कौलारू घर होतं. आम्ही ते पाडलं आणि हे बांधलं. त्या वेळी एकाही माणसाने हरकत घेतली नाही. परिणाम आपल्या हातात आहे."

साहेबांनी फोटो हळूच खाली ठेवला.

"म्हणून मी हरकत घेतोय," काका म्हणाले. "माझं या लोकांशी काही भांडण नाही. या आर्किटेक्ट बाई बऱ्या आहेत. ते मांजरीचे गृहस्थही बरे आहेत, गाडी सोडली तर."

मग त्यांनी आपले दोन मुद्दे सांगितले. एक, वरचा मजला रस्त्याच्या अगदी कडेवर येतो, त्यामुळे गल्लीतला सकाळचा उजेड जाईल. दोन, चारही घरं हुबेहूब एकसारखी आहेत. "पेठेत दोन सख्ख्या भावांची घरं एकसारखी नसतात. तोंडंही नसतात. ही काय पलटण आहे?"

मॅडमनी तिथल्या तिथे पेन काढलं. वरचा मजला मागे ओढला. खिडक्यांची ओळ तीच ठेवली, पण प्रत्येक घराचा दरवाजा, छज्जा आणि विटांची वीण निराळी केली. काका खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले आणि साहेबांची पुढची सुनावणी खोळंबली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही त्यांचं सगळंच ऐकलंत."

"सगळं बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "फक्त ते सांगायची पद्धत हरकतीची होती."

*

काम सुरू झालं. आमचे ठेकेदार रफिकभाई. माल आणायला सकाळी लवकर छोटा टेम्पो, तोही उलटा आत घ्यायचा. काका गॅलरीत हजर. पक्षी बघायची त्यांची एक जुनी दुर्बीण होती, ती आता आमच्या विटांवर लागली.

ऑफिसात फोन यायचा. "आपटे बोलतोय. आपल्या माणसांनी आज कोपऱ्यातल्या भिंतीला पाणी मारलेलं नाही." मॅडम रफिकभाईंना फोन करायच्या. खरंच मारलेलं नसायचं. रफिकभाई आधी वैतागले, मग मला म्हणाले, "सुपरवायझरची गरज नाही ताई. समोर आहेत. जेवायलासुद्धा घरी जात नाहीत, घरीच असतात."

मग काका बंगळुरूला मुलीकडे गेले. एकटे राहतात, वर्षातून एकदा जातात. काका गेल्याची खबर गवंड्यांना आमच्या आधी लागली. चहाची सुट्टी लांबली, रेडिओचा आवाज वाढला आणि तिसऱ्या घराची पुढची भिंत कुठेतरी किंचित चुकली. आम्हाला दिसेना. काहीतरी खटकत होतं एवढंच.

काका परत आले. टॅक्सीतून उतरले, बॅग खाली ठेवायच्या आधी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी नव्हतो ते दिसतंय."

मॅडमनी ओळंबा लावायला सांगितला. भिंत खरोखरच बाहेर झुकली होती. पाडून पुन्हा बांधली. रफिकभाईंनी त्या दिवशी हात जोडून काकांना विचारलं, "पुन्हा कधी जाणार बंगळुरूला? तेवढे दिवस काम बंदच ठेवतो."

*

रंगाचं असं झालं. विटा उघड्याच ठेवायच्या होत्या, पण मधल्या पट्ट्यांना गिलावा होता आणि त्याला रंग हवा होता. आम्ही भिंतीच्या तुकड्यावर तीन नमुने लावले आणि चार दिवस तसेच ठेवले. अख्ख्या गल्लीने मतं दिली. एक म्हणाले, पहिला रंग दवाखान्याचा आहे. मला खिडकी पुसायला लावणाऱ्या काकू म्हणाल्या, तिसरा उन्हात उडेल आणि उडाला की पहिल्यासारखा दिसेल. रोहितने फोटोवरूनच कळवलं की त्याला ग्रे हवा.

शेवटी आपटे काका खाली उतरले. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

"तिन्ही वाईट आहेत," ते म्हणाले. "मधला त्यातल्या त्यात कमी वाईट."

मी हिरमुसले. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "मधला फायनल. लिहून घे. पेठेत यापेक्षा मोठं कौतुक होत नसतं."

*

घरं पूर्ण झाली. आबांनी वास्तुशांतीला सगळ्या गल्लीला बोलावलं. मांजरीहून आचारी आला, मोठी पातेली आली. पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी, भात, भजी. गल्लीत मांडव घालून पंगत. पेठेतली माणसं आधी जरा अंतर ठेवून होती. एकानं मला विचारलंही की "जेवणाची वेळ दिलीय, ती बसायची की उठायची?" पण मांजरीच्या वाढप्यांपुढे कुणाचं काही चालेना. 'पुरे' म्हटलं की त्यांना 'पुरण' ऐकू येत होतं. आपटे काकांनी आमटी तोंडात घातली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते म्हणाले, "जाळ आहे नुसता." मग वाटी पुढे केली.

जेवणं झाल्यावर आबांनी माइक घेतला. त्यांच्याकडे पद्धत असते, घर झालं की ज्यांचे हात लागले त्यांचा मान करायचा. मॅडमना साडी, मला साडी. रफिकभाईंना फेटा. मांजरीचा एक पैलवानासारखा माणूस फेटे बांधायलाच आणला होता. गवंड्यांना, सुताराला, फरशीवाल्याला, एकेकाला खुर्चीवर बसवून तो लालभडक फेटे बांधत होता. रोहितने त्या सगळ्याचा व्हिडिओ घेतला. आदल्याच आठवड्यात त्याने आपलं सामान आणलं होतं.

"आता शेवटचा मान," आबा माइकवर म्हणाले. "समोरचे आपटे काका."

काका हात धुऊन घराकडे निघाले होते. थांबले. "मी? माझा काय संबंध?"

"या तर खरं हिकडं."

"नाही, आधी कारण सांगा. कशाबद्दल?"

"हरकत घेतल्याबद्दल," आबा म्हणाले.

सगळी गल्ली हसली. काका हसले नाहीत. आबाही हसत नव्हते. ते खुर्चीच्या मागे हात ठेवून उभे होते. शालनकाकी नव्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "बसा ओ. आमी आता रोजच तुमच्या तोंडाम्होरं."

काका खुर्चीवर येऊन बसले. चष्मा काढून खिशात ठेवला. पैलवानाने कापडाचा पहिला वेढा दिला.

"कान झाकू नका," काका म्हणाले. "ऐकू आलं पाहिजे."

फेटा बांधून झाला. तुरा चांगला वीतभर वर आला होता. काका उठले, आबांना नमस्कार केला, गल्ली ओलांडली आणि जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मॅडम तिथे गेलो, कारण तिसऱ्या घराचा दरवाजा घासत होता. गल्लीत मांडव सोडायचं काम चाललं होतं. काकींच्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता. मी सहज वर पाहिलं आणि मॅडमचा दंड धरला.

आपटे काका गॅलरीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. अंगात घरातला बंडी-लेंगा. हातात चहाचा कप. डोक्यावर फेटा.

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. काकांनी पेपर थोडा खाली केला आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"काही म्हणायचंय?"

मॅडमनी क्षणभर विचार केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "हरकत नाही."